आईचा झारूर

माझ्या आईच्या इकाम्यात, तिच्या फोटोशेजारच्या पानावर, एक शिक्का होता: काम करण्यास परवानगी नाही. शिक्का अरबीत होता, पण त्याचा अर्थ मला सातव्या वर्षीच ठाऊक होता, कारण आईनं तो बोट ठेवून मला वाचून दाखवला होता. इकामा म्हणजे सौदीत राहण्याचा परवाना, तेव्हा तो छोट्या वहीसारखा असायचा. तिथे प्रत्येक परक्या माणसाला एक कफील लागतो, म्हणजे त्याची जबाबदारी घेणारा धनी. बाबांची कफील त्यांची कंपनी होती आणि आईचे कफील बाबा होते. हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळांना गमतीनं ऐकवलं आणि पुष्कळजण हसले. मला त्यात गंमत कधीच वाटली नाही, आणि हल्ली तर मी ते हसवण्यासाठी सांगणंही सोडून दिलं आहे.

आई नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. लग्नानंतरही शिकवत होती, माझ्या वेळी आठव्या महिन्यापर्यंत शिकवत होती. मग बाबांना अबकैकच्या प्लँटवर नोकरी लागली आणि आम्ही खोबरला आलो. बाबा पहाटे कंपनीच्या बसनं जायचे आणि संध्याकाळी त्याच बसनं परत यायचे, अंगाला तेलाचा आणि साबणाचा एकत्र वास घेऊन. आई दिवसभर घरात. तळमजल्यावरचं आमचं बिऱ्हाड, त्याला मागच्या बाजूला सहा पावलं लांब आणि चार पावलं रुंद असं अंगण, चारी बाजूंनी डोक्यापेक्षा उंच भिंती. त्याला तिथे होश म्हणतात. वर पाहिलं की आभाळाचा चौकोन आणि शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसायची. एकदा आमच्या इंडियन स्कूलच्या प्रिन्सिपल बाई स्वतः घरी आल्या होत्या. बायॉलॉजीला शिक्षिका मिळत नव्हती, आणि शाळेत बायका शिकवायच्या, त्याची काहीतरी व्यवस्था होत असे. फक्त नवऱ्याचं संमतिपत्र हवं होतं. बाबांनी त्यांना चहा दिला, शेवेचा चिवडा दिला आणि म्हणाले, "मॅडम, घर कोण बघेल?" आई आत ट्रे घेऊन उभी होती. घरात बघण्यासारखं काय होतं ते मी आजही शोधते आहे. मी दुपारपर्यंत शाळेत असायची आणि आमच्याकडे दोन खोल्या होत्या.

शेजारच्या बिऱ्हाडात उम्म फादी राहायच्या. लेबनॉनच्या डोंगरातल्या, जाड्या, मोठ्यानं बोलणाऱ्या. त्यांच्या नवऱ्याचं फर्निचरचं दुकान होतं. तिकडे बाईला तिच्या मुलाच्या नावानं हाक मारतात, म्हणून फादीची आई ती उम्म फादी. माझ्या आईला त्या उम्म मीनल म्हणायच्या. आईचं अरबी अर्धवट, त्यांचं इंग्रजी त्याहून अर्धवट, पण दोघींचं रोज दुपारी तास-तास चालायचं. एका उन्हाळ्यात त्या गावाहून परत आल्या आणि त्यांनी आईच्या हातावर पिवळी, बोराएवढी फळं ठेवली. आंबटगोड, पिठूळ, आत दोन-तीन टणक बिया. "झारूर," त्या म्हणाल्या. आईनं फळ उभं कापलं, बिया पाहिल्या, देठाच्या विरुद्ध बाजूचा पाच पाकळ्यांचा सुकलेला मुकुट पाहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हॉथॉर्न. क्रेटीगस. मी हा फक्त दाबून वाळवलेला पाहिलाय, कॉलेजच्या कपाटात, पिवळ्या पडलेल्या कागदावर." तिचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. शिकवताना तिचा आवाज असा असेल, हे मला फार नंतर, तिला खरोखर शिकवताना ऐकलं तेव्हा कळलं.

त्या बिया तिनं टाकल्या नाहीत. त्यांचं कवच फार टणक असतं आणि त्यांना आधी ऊब, मग थंडी सोसल्याशिवाय कोंब फुटत नाही, असं तिनं मला समजावलं. सहा महिने त्या ओल्या वाळूत, जामच्या बाटलीत, स्वयंपाकघराच्या कपाटात राहिल्या. मग चार महिने फ्रिजमध्ये. आमच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीची जुडी, चक्का, कैरीचं लोणचं आणि वाळूची बाटली असं सगळं गुण्यागोविंदानं नांदत होतं. बाबा पाण्याची बाटली काढायला जायचे आणि चुकून वाळूची हातात आली की म्हणायचे, "हे घर आहे की लॅब?" आई म्हणायची, "लॅब असती तर पगार मिळाला असता." हे ती हसत म्हणायची. तेव्हा मला वाटायचं की तिला खरंच हसू येतंय.

अकरा बियांतल्या दोन रुजल्या, त्यातलं एक रोप पहिल्याच उन्हाळ्यात जळून गेलं. उरलेल्यासाठी आईनं होशमधल्या फरश्या उचकटून कंबरेइतका खड्डा खणला, एकटीनं, बाबा कामावर गेल्यावर, आठ दिवस. तिथली वाळू खारी होती. ती तिनं पोत्यापोत्यानं बाहेर काढली, खाली खडी पसरली आणि कतीफच्या नर्सरीतून गोड माती मागवून भरली. आमच्याकडे दोन नळ होते, एकाला पिण्याचं गोड पाणी, तेही जपून वापरायचं, आणि दुसऱ्याला धुण्याभांड्याचं मचूळ, खारट पाणी. खाऱ्या पाण्यानं झाड चार दिवसांत करपलं असतं. म्हणून एसीचं पाणी. खिडकीतले तीन एसी मे ते ऑक्टोबर अहोरात्र गळत असायचे, आणि ते गळणारं पाणी निव्वळ स्वच्छ, त्यात मीठ नाही. खाली तुपाचे रिकामे डबे ठेवलेले असत. ते भरले की बादलीत ओतायचे आणि बादली झाडाला घालायची, हे काम माझं. शाळेतून आले की दप्तर टाकायच्या आधी डबे. हा सगळा उद्योग मला मनापासून नकोसा होता. बाकीच्या मुलींच्या आया क्रोशाचे रुमाल करायच्या, केक करायच्या, आणि माझी आई वाळवंटात काटे वाढवत होती.

कारण झारूरला काटे असतात, करंगळीएवढे, सरळ, टणक. उन्हाळ्यात आई त्याच्यावर जुन्या सुती साडीचं छप्पर बांधायची. शमालचं वारं सुटलं, म्हणजे उत्तरेकडून धूळ घेऊन येणारं ते भाजकं वारं, की दुसऱ्या दिवशी ती ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायची. तिच्या हातांवर कायम ओरखडे असत. तिसऱ्या वर्षी उम्म फादींनी गावच्या चांगल्या झाडाच्या काड्या ओल्या टॉवेलात गुंडाळून आणल्या आणि आईनं आमच्या रोपावर डोळा भरला, म्हणजे त्या काडीवरच्या कोंबाचं कलम केलं. ब्लेड गॅसवर तापवून निवू दिलं, सालीला इंग्रजी टीसारखी चीर दिली, त्यात डोळा सरकवला आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी आवळली. मी टॉर्च धरला होता. "हात हलवू नकोस," ती पुटपुटली, "आता हे झाड कोण होणार ते ठरतंय." मग तिनं विचारलं, "मीनल, काय आहे हे?" मी म्हणाले, "क्रेटीगस अझारोलस. कुळ गुलाबाचं." तिनं हे मला इतक्यांदा विचारलं होतं की झोपेतही सांगितलं असतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. मला उत्तर येत नव्हतं असं पुढे कुणी म्हणू नये.

डोळा लागला. झाड माझ्या खांद्यापर्यंत आलं, मग डोक्यापर्यंत. थंडीत पानं गळायची आणि फेब्रुवारीच्या शेवटी नवी फुटायची, राखाडी हिरवी, लवदार, तीन बोटांसारखी कापलेली. फूल मात्र येईना. आई दर वर्षी वाट बघायची आणि दर वर्षी म्हणायची, अजून लहान आहे. मी तेरा वर्षांची होते त्या वर्षी फेब्रुवारीत एका संध्याकाळी तिनं मला ओढत होशमध्ये नेलं. पानांच्या बेचक्यांत कळ्यांचे घोस धरले होते, जोंधळ्याच्या दाण्याएवढे, पांढुरके. तिनं बोट लावलं नाही, फक्त दाखवलं. मग आत जाऊन तिनं गोडाचा शिरा केला, केळं घालून, जसा सत्यनारायणाला करतात तसा, आणि वाटीभर उम्म फादींना नेऊन दिला. बाबांनी विचारलं, "आज काय विशेष?" ती म्हणाली, "कळ्या आल्या." बाबा म्हणाले, "बरं," आणि पेपर उघडला.

आता इनामदार. इनामदार काका बाबांचे वरिष्ठ, पुण्याचे. त्यांना धाहरानच्या कॅम्पात, म्हणजे कंपनीच्या बंदिस्त वसाहतीत, घर होतं, हिरवळ, स्वतंत्र दार, गाडी ठेवायला जागा. खोबरच्या फ्लॅटमधून कॅम्पात जाणं हे आमच्या आसपासच्या प्रत्येक घराचं स्वप्न होतं. त्यासाठी ग्रेड वाढावी लागे आणि ग्रेडसाठी इनामदार काकांची शिफारस. त्या वर्षी बाबांचा नंबर लागेल अशी बोलवा होती, त्यामुळे इनामदारांकडे जायचं म्हटलं की बाबा दोनदा दाढी करायचे. काकू पूजाअर्चा करणाऱ्या. तिथे उघड पूजेला बंदी, म्हणून पडदे ओढून, दार लावून, दहा-बारा मराठी घरांचे सगळे सण त्यांच्याच हॉलमध्ये होत. गणपतीला दुर्वांऐवजी हिरवळीतलं गवत चालायचं, आंब्याच्या डहाळीऐवजी कढीपत्ता. फक्त शिवरात्रीला अडचण यायची. बेल कुठून आणायचा? बेल शिळा होत नाही, धुऊन पुन्हा वाहता येतो, म्हणून प्रत्येक बाईकडे गावाहून आणलेली तीन-चार वाळकी पानं डब्यात जपलेली असत. दर वर्षी तीच वाहायची, धुऊन पुसून पुन्हा डब्यात.

शिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात इनामदारांकडे जेवण होतं. आईचं डोकं दुखत होतं, ती आली नव्हती. बायका आपापल्या कुंड्यांबद्दल बोलत होत्या, कुणाचा मोगरा, कुणाची रंगाच्या डब्यातली तुळस. मला सगळ्यांसमोर इनामदारांच्या मुलीनं, शिल्पानं विचारलं, "मीनल, your mom grows thorns, no?" बाकीच्या मुली हसल्या. एक काकू म्हणाल्या, "अगं हो, काटेरी झुडूप दाराशी लावू नये, घरात भांडणं होतात." मला आईची लाज वाटत होती, आणि आईला हसणाऱ्यांचा रागही येत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "ते झुडूप नाहीये. बेल आहे."

 इनामदार काकूंनी हातातली वाटी खाली ठेवली. "बेल? खोबरमध्ये?"

"तीन पानांचा," मी म्हणाले. "आणि बेलाला काटे असतातच."

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांना वनस्पतिशास्त्र येत नसेल, पण चार महिने फ्रिजमधली वाळूची बाटली त्यांच्या हातात येत होती, उम्म फादींचा झारूर हा शब्द त्यांनी शंभरदा ऐकला होता. एका वाक्यात ते मला सोडवू शकत होते. ते हसले आणि म्हणाले, "हो, आहे एक झाड. मिसेस फार जपते त्याला." इनामदार काका म्हणाले, "वा, मग यंदा शंकराची चैन आहे." घरी येताना बाबांनी गाडी शावर्माच्या दुकानापाशी थांबवली, माझ्यासाठी जास्त लसूण घालून एक घेतला आणि म्हणाले, "आईला आत्ताच काही बोलू नकोस. मी बघतो." मी तो शावर्मा शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. इतकी वर्षं मी बाबांवर चिडत आले हे खरं, पण तो खाल्लेला शावर्मा मला तेव्हाही पचला नाही आणि आजही नाही.

शिवरात्र शुक्रवारी आली, सुट्टीच्या दिवशी. आई स्वयंपाकघरात दाण्याचं कूट करत होती. साबुदाणा रात्री भिजवलेला, रताळी उकडत लावलेली, जिऱ्याची फोडणी बसायची होती. दारावरची घंटी वाजली. बाबांनी दार उघडलं, आणि तीन गाड्यांतून आलेल्या नऊ बायका आत आल्या. सोफ्यावर अबायांचा काळा ढीग पडला आणि खालून रेशमी साड्या निघाल्या. सगळ्यांच्या हातात परड्या, दोघींच्या हातात शिवणकामाच्या कात्र्या. बाबा म्हणाले, "या, या, मागच्या बाजूला आहे." आई कुटाचे हात तसेच घेऊन बाहेर आली तोवर इनामदार काकू होशमध्ये झाडाला हात जोडून उभ्या होत्या.

"काय हो, एवढ्या वर्षांत एका शब्दानं बोलला नाहीत," त्या आईला म्हणाल्या. "आम्ही इथे वाळकी पानं धूत बसतो आणि तुमच्या दारात बेल."

"हा बेल नाही," आई म्हणाली.

"अहो, असं काय करता, तुमच्या मुलीनंच सांगितलं. आणि भाऊजींनी पण."

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "अगं, श्रद्धेचा प्रश्न आहे. तीन पानं आहेत, काटे आहेत. चार पानं दिली तर काय होतंय?" ते असं बोलले की जणू तीच हट्ट धरून बसली आहे. मग आई माझ्याकडे वळली. ओरडली नाही. तिनं त्याच आवाजात विचारलं ज्या आवाजात ती नेहमी विचारायची, "मीनल, काय आहे हे?"

बाबा माझ्याकडे बघत होते. इनामदार काकू बघत होत्या. शिल्पा काकूंच्या मागे उभी राहून बघत होती. माझ्या जिभेवर ते नाव होतं, दोन्ही शब्द, कुळासकट.

मी म्हणाले, "बेल."

 आईनं पदराला हात पुसले, आत गेली आणि झाडाची कात्री घेऊन आली, जी ती कुणाला हात लावू द्यायची नाही. "बाजूला व्हा," ती बायकांना म्हणाली, "तुम्हाला काटे लागतील. मी देते कापून." आणि तिनं कापायला सुरुवात केली. फांदी वाकवून, पेरापाशी, तिरका काप घेऊन, जसं शिकवायची तसं, एकही साल न फाडता. परड्या भरत गेल्या. प्रत्येकीला एकशे आठ हवी होती. कुणी म्हणालं, थोडा प्रसाद म्हणून ठेवायला पण द्या. कुणी म्हणालं, घरी वहिनी आहेत त्यांच्यासाठी. एका काकूंनी विचारलं, "या कळ्या आहेत वाटतं, त्या काढून टाकू?" आई म्हणाली, "राहू द्या. पांढरं फूल शंकराला चालतं." अर्ध्या तासात झाडाचा नुसता सांगाडा उरला, टोकाला कुठेकुठे एखादं पान. बायकांनी आईला हळदीकुंकू लावलं. इनामदार काकू बाबांना म्हणाल्या, "आमच्या ह्यांना सांगते हो मी, आज तुमच्यामुळे पूजा झाली." आतून रताळी करपल्याचा वास येत होता आणि गॅस बंद करायला कुणीच गेलं नव्हतं.

त्या बायकांवर मी चाळीस वर्षं रागावून पाहिलं. तो राग फार टिकत नाही, कारण त्यांनी झाड ओळखलं नाही एवढाच त्यांचा गुन्हा, आणि वाळकी पानं धुऊन त्या खरोखरच कंटाळल्या होत्या. राग टिकतो तो ज्यांना माहीत होतं त्यांच्यावर. म्हणजे दोघांवर, त्यातले एक आता हयात नाहीत आणि दुसरी हे लिहिते आहे. बाबांच्या शोकसभेत सगळे सांगत होते की त्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. खरं आहे. घराबाहेरच्या माणसाला त्यांनी कधीच नाही म्हटलं नाही, त्यांच्या वाटची सगळी नकारघंटा घरात वाजायची.

बायका गेल्यावर आईनं होश झाडला. करपलेली रताळी टाकून दिली, खिचडी केली, आम्हाला वाढली. स्वतः खाल्ली नाही. मी म्हणाले, "आई, मी चुकले." तिनं मान हलवली. दुपारी, बाबा हॉलमध्ये पेपर वाचत असताना, तिनं फोन उचलून माझ्यासमोर धरला. "इनामदारांना फोन कर. खरं काय ते सांग. मी इथे उभी आहे."

मी नंबर फिरवला. शिल्पानं उचलला, मागे घंटा वाजत होती, आरती चालली होती. मी म्हणाले, "काकूंना दे." काकू आल्या, "बोल गं, अगदी पिंडी झाकून गेली बघ तुझ्या बेलानं." मी म्हणाले, "काकू, ते झाड..." आणि तेवढ्यात बाबांनी उठून फोनच्या खटक्यावर बोट दाबलं. फोन बंद झाला.

"वेडी आहेस का?" ते आईला म्हणाले, मला नाही. "शिफारस पुढच्या आठवड्यात जायची आहे. आता झालं ते झालं. खलास. तुला कॅम्पात घर नको आहे का? तिथे बाग मिळेल, हवी तेवढी झाडं लाव."

"मला हे लावायचं होतं," आई म्हणाली.

तिनं त्यांचं बोट धरून खटक्यावरून बाजूला केलं. मी माझ्या आईला बाबांच्या अंगाला अशा रीतीनं हात लावताना त्याआधी पाहिलं नव्हतं. तिनं स्वतः नंबर फिरवला. मी तिच्या कमरेला चिकटून उभी होते आणि तिचं पोट श्वासानं वरखाली होत होतं, पण आवाज वर्गातल्यासारखा स्वच्छ होता. "इनामदार वहिनी, मी बोलतेय. तुम्ही आत्ता वाहताय तो बेल नाही. मी सकाळीच सांगितलं होतं. ते क्रेटीगस आहे, त्याला इथे झारूर म्हणतात. माझी मुलगी खोटं बोलली, आणि माझ्या नवऱ्यानं माहीत असून तिला खोटं बोलू दिलं. तुमच्या पूजेत विघ्न आणल्याबद्दल माफ करा. पण ते झाड मी सहा वर्षं वाढवलंय, त्याला दुसऱ्याच्या नावानं कुणी वाहिलेलं मला चालणार नाही." पलीकडून काय बोललं गेलं ते मला कळलं नाही, फार काही बोललं गेलं नसावं. आईनं फोन ठेवला आणि डोक्याला तेल लावून झोपली.

दुसऱ्या दिवशी इनामदारांचा ड्रायव्हर कचऱ्याची एक मोठी काळी पिशवी दारात ठेवून गेला. आत सगळी पानं, सगळ्या कळ्या, काही हळदीकुंकवानं माखलेल्या. आईनं ती पिशवी झाडाच्या बुंध्याशी रिकामी केली आणि वर माती टाकली. म्हणाली, खत होईल. शिफारस गेली नाही. कॅम्पातलं घर सोलापूरच्या एका कुटुंबाला मिळालं. सणांची बोलावणी बंद झाली, शिल्पा शाळेत माझ्याशी बोलेनाशी झाली, आणि बाबांनी ही हकीकत पुढे आयुष्यभर पार्ट्यांत विनोद म्हणून सांगितली: हिच्या काट्यांनी माझं प्रमोशन खाल्लं. लोक पोट धरून हसायचे. आई चहा ओतायची. मी एकदाच, तिशीत असताना, भर बैठकीत म्हणाले, "बाबा, शावर्म्याचंही सांगा ना." ते त्यांना आठवत नव्हतं. आठवत नाही असं ते म्हणाले तरी.

इतकं कापल्यावर झाड पुढच्या वर्षी फुललं नाही. पानं मात्र जोमानं आली. मी डबे भरत राहिले, कुणी न सांगता, दप्तर टाकायच्या आधी. शमालनंतर पानं पुसायलाही मीच जायची, आणि माझ्या हातांवर ओरखडे आले की मुद्दाम बाही वर करून जेवायला बसायची. आई ते पाहायची. तिनं मला माफ केलं की नाही हे मला नक्की कळलं नाही, आणि विचारायचं धाडस मी केलं नाही. दहावीनंतर मी नाशिकला शिकायला जायचं ठरलं तेव्हा ती बाबांना एका वाक्यात म्हणाली, मीही जाणार. तिच्या इकाम्यावर फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचं देश सोडण्याचा, शिक्का बसला. नाशिकला ती तासिका तत्त्वावर शिकवायला लागली, वयानं निम्म्या पोरांच्या हाताखाली, तुटपुंज्या मानधनावर. पण ती वर्गात उभी राहायची.

जाण्याच्या आधीच्या त्या शेवटच्या मार्चमध्ये झारूर फुलला. सकाळी उठले तर सगळं झाड पांढरं झालं होतं, आणि होशमध्ये बोंबील वाळत घातल्यासारखा वास सुटला होता. मी नाक धरून आईला हाक मारली. उम्म फादी भिंतीपलीकडून खो खो हसल्या. झारूरच्या फुलाला असाच वास असतो, त्यांच्या गावात तो सगळ्यांना माहीत असतो, तो घरात आणायचा नसतो, लांबून पाहायचा. त्यांनी आईला हे कधी सांगितलं नव्हतं. मी आईकडे पाहिलं. मला वाटलं, इतकी वर्षं, एवढ्यासाठी? ती मात्र घोसात नाक खुपसून उभी होती, डोळे मिटून. "बरोबर आहे," ती म्हणाली. "माश्या याव्यात म्हणून. पुस्तकात आहे हे." आणि तिनं कात्री आणून फुलांची एक भरगच्च डहाळी कापली, पेरापाशी, तिरका काप घेऊन.

दुपारच्या जेवणाला ती डहाळी स्टीलच्या तांब्यात, टेबलाच्या मधोमध, बाबांच्या ताटासमोर होती. सुट्टीचा दिवस होता, मटकीची उसळ, भाकरी, ताक. बाबा बसले, पहिला घास तोंडाशी नेला आणि थांबले. "हे काय वास मारतंय? उचल बरं ते इथून."

आईनं उचललं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. "मीनल, काय आहे हे?"

बाबा माझ्याकडे बघत होते, दोन वर्षांपूर्वी बघत होते तसेच.

"क्रेटीगस अझारोलस," मी म्हणाले. "कुळ गुलाबाचं."

"मोठ्यानं सांग."

मी मोठ्यानं सांगितलं. बाबांनी ताट उचललं आणि हॉलमध्ये जाऊन जेवले. आम्ही दोघी तिथेच बसलो, त्या वासात, आणि आईनं मला आणखी एक भाकरी वाढली.